स्वयंपाकघर किंवा बाथरूम नव्याने करताना डिझायनरसोबत काम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बैठकीच्या खोलीचा रंग चुकला तर पुन्हा रंगवता येतो. स्वयंपाकघर आणि बाथरूमचं तसं नाही. पाणी, सांडपाणी, वीज आणि उष्णता इथे थोड्याशा जागेत एकत्र येतात, आणि त्यातलं बरंचसं भिंतीच्या आत नाहीतर फरशीच्या खाली गाडलं जातं. एकदा टाइल बसली की चूक सुधारायला छिन्नी-हातोडाच लागतो. म्हणून कागदावर भरपूर वेळ घालवा, असं डिझायनर म्हणून मी भेटणाऱ्या प्रत्येकाला सांगते. खालचे प्रश्न मला काम ठरवताना आणि काम चालू असताना सतत विचारले जातात.

गवंडी, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार सगळे ओळखीचे आणि अनुभवी आहेत. मग डिझायनर कशाला?

ते अनुभवी असतात हे खरंच आहे. चांगल्या गवंड्याकडून मी आजही शिकते. पण प्रत्येकजण आपापलं काम बघतो, आणि दोन कामांचा सांधा जिथे येतो तिथे कुणाचंच लक्ष नसतं. भिंतीतून निघणारा नळ आणि ओट्यावर ठेवायचं वाडग्यासारखं बेसिन घ्या. प्लंबरने नेहमीच्या उंचीला पॉइंट काढला, सुताराने नेहमीच्या उंचीचं कपाट केलं, त्यावर १५ सेंटिमीटर उंचीचं बेसिन आलं आणि नळाची चोच बेसिनच्या काठाला टेकली. दोघांचंही काम आपापल्या जागी बरोबर. टाइल मात्र फोडावी लागते. हे सांधे आधी कागदावर शोधणं, हे डिझायनरचं खरं काम.

सगळं जागच्या जागी ठेवून फक्त नळ, कपाटांची शटर (दारं) किंवा रंग बदलायचा असेल, तर पूर्ण डिझाइनवर पैसे खर्च करू नका. तासाभराचा सल्ला पुरतो.

डिझायनरला कधी गाठायचं?

काहीही विकत घेण्याआधी. आवडली म्हणून शेगडी किंवा बाथटब आधीच घेऊन ठेवलेला असतो, आणि मग सगळी खोली त्या एका वस्तूभोवती वाकवावी लागते. आवडलेल्या वस्तूचा फोटो आणि मॉडेल नंबर आणा, तेवढ्याने काम भागतं.

पहिल्या भेटीची तयारी काय करायची?

सुंदर फोटोंपेक्षा तुमच्या तक्रारी जास्त उपयोगी पडतात. भेटीआधी आठवडाभर ओट्याजवळ एक कागद चिकटवून ठेवा आणि जे खटकेल ते त्याच क्षणी लिहा. ‘झाकणं ठेवायला जागा नाही.’ ‘सिंकपाशी कुणी उभं असलं की फ्रिज उघडता येत नाही.’ ‘सकाळी दोघांना एकाच वेळी आरसा लागतो.’ ‘ओला टॉवेल दारावरच लटकतो.’ अशा दहा ओळींमधून अर्धा आराखडा आपोआप तयार होतो.

चांगला डिझायनरही तुम्हाला असेच प्रश्न विचारेल. स्वयंपाक कोण करतं, एका वेळी किती जण ओट्याशी असतात, घरात डावखुरं कोणी आहे का, कुणाचे गुडघे दुखतात, सामान आठवड्याचं भरता की महिन्याचं. पहिला तासभर फक्त शटरच्या रंगावर बोलणं झालं, तर सावध व्हा.

उंचीचा प्रश्न तर बोलून सुटतच नाही, करून बघावा लागतो. एका घरात नवरा-बायकोच्या उंचीत जवळजवळ फुटाचा फरक होता. आम्ही जुन्या ओट्यावर जाड पुस्तकांची थप्पी रचली, वर चिरायची पाटी ठेवली आणि दोघांना आळीपाळीने गाजरं चिरायला लावली. पहिल्याच पुस्तकाला तिचे खांदे वर चढले. त्याची पाठ मात्र तिसऱ्या पुस्तकानंतर सरळ झाली. ओट्याची उंची सर्रास ८५ ते ९० सेंटिमीटर ठेवली जाते, पण तुमच्यासाठी योग्य उंची तुमच्या कोपरावरून ठरते. चिरण्याची जागा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावी. शेगडीचा ओटा त्याहून थोडा खाली चालतो, कारण तिथे उंच भांड्यात वरून बघायचं असतं. सिंक उलट थोडं वर हवं, कारण भांडी घासताना हात सिंकच्या तळाशी असतात. त्या घरात आम्ही एका बाजूला ९५ आणि दुसऱ्या बाजूला ८५ सेंटिमीटरचा ओटा केला.

सिंक, शेगडी आणि फ्रिज यांचा ‘कामाचा त्रिकोण’ पाळायलाच हवा का?

नियम म्हणून नको, तपासणी म्हणून जरूर वापरा. हा त्रिकोण १९४० च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झालेल्या कामातून रूढ झाला. प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट आणि तिन्हींची बेरीज १३ ते २६ फूट, असा तो हिशेब. त्याच्याही आधी, १९२६ मध्ये, मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुरचनाकार बाईंनी फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. आगगाडीच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. तशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं तिथल्या घरांत बसली. पावलं वाचवण्याचा विचार तेव्हापासून आजवर टिकून आहे.

पण या दोन्ही आराखड्यांत काम करणारी व्यक्ती एकटी आहे. तुमच्याकडे दोघं मिळून स्वयंपाक करत असतील तर त्रिकोणापेक्षा वाटेची रुंदी महत्त्वाची. एकासाठी सुमारे १०५ सेंटिमीटर, दोघांसाठी १२० तरी हवी. दुसरी गोष्ट टेकायच्या जागेची. फ्रिजमधून काढलेलं भांडं लगेच कुठे ठेवाल? शेगडीवरचं गरम पातेलं उचललं तर पुढच्या पावलाच्या आत ते टेकवता येईल का? सिंकच्या एका बाजूला ६० आणि दुसऱ्या बाजूला ४५ सेंटिमीटर मोकळा ओटा असला की काम अडत नाही. सिंक कोपऱ्यात कोंबलेलं असेल तर त्रिकोण कितीही देखणा असो, धुतलेली भांडी जमिनीवरच येतात.

आम्ही मापं दिली तर चालतील का?

पहिल्या गप्पांसाठी चालतील. ऑर्डर देण्यासाठी नाही.

कुठलीच भिंत पूर्ण ओळंब्यात (सरळ उभी) नसते आणि कोपरा क्वचितच गुण्यात (काटकोनात) असतो. म्हणून रुंदी तळाशी, ओट्याच्या उंचीला आणि वर अशी तीन ठिकाणी मोजायची आणि सगळ्यांत लहान माप धरायचं. कोपरा तपासायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर बरोबर ५ फूट आलं तर कोपरा काटकोनात. चौकटी किती पुढे आल्या आहेत, खिडकीची सिल किती उंच, पाइप कुठून उतरतो, फरशीला उतार कुठे, हे सगळं त्याच कागदावर यायला हवं.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक चूक अजून सलते. कोपऱ्यातला ड्रॉवर मी भिंतीला अगदी चिकटवून काढला होता. शेजारच्या दाराची चौकट भिंतीच्या पुढे आली आहे, हे मी मोजलंच नव्हतं. ड्रॉवर वीतभर उघडायचा आणि चौकटीला अडायचा. ते कपाट मी स्वतःच्या खर्चाने बदलून दिलं. तेव्हापासून प्रत्येक कोपऱ्यात ५ सेंटिमीटरची पट्टी सोडल्याशिवाय माझं ड्रॉइंग बाहेर जात नाही. तुमच्या ड्रॉइंगमध्येही कोपऱ्यातली ती पट्टी आहे का ते बघा, आणि प्रत्येक दार, ड्रॉवर, ओव्हन उघडलेल्या अवस्थेत कुठवर येतो ते आखून मागा.

डिझायनर पैसे कशाचे घेतात?

पद्धती वेगवेगळ्या आहेत: ठरावीक रक्कम, तासावर, क्षेत्रफळावर, एकूण खर्चाच्या टक्क्यांवर, किंवा कॅबिनेट त्यांच्याकडूनच घेतली तर डिझाइन ‘मोफत’. यातली कुठलीच वाईट नाही, पण प्रत्येकीचा कल समजून घ्या. टक्केवारीत खर्च वाढला की मानधन वाढतं. मोफत डिझाइनमध्ये त्याच दुकानाचा माल गृहीत असतो आणि ड्रॉइंग बहुधा तुमच्या हाती येत नाही.

एक प्रश्न सरळ विचारा: ‘माल सुचवताना विक्रेत्याकडून तुम्हाला कमिशन मिळतं का?’ हा प्रश्न ऐकून प्रामाणिक माणूस रागावत नाही. मिळत असेल तर ते करारात लिहून घ्या. किती भेटी, किती वेळा बदल, कोणती ड्रॉइंग आणि ड्रॉइंगवर हक्क कुणाचा, हेही त्याच करारात हवं.

बजेटचा खरा आकडा सांगितला तर सगळाच खर्च होईल ना?

ही भीती मी समजू शकते. पण आकडा लपवला की डिझायनर अंदाजाने आखतो, तुम्हाला ते आवडतं, आणि मग किंमत कळल्यावर एकेक गोष्ट कापावी लागते. कापाकापीत सगळ्यांत आधी न दिसणाऱ्या गोष्टी जातात, आणि त्याच जायला नको असतात. आकडा खरा सांगा, पण त्यातले १० ते २० टक्के आधीच बाजूला काढून ठेवा. जुन्या घरात तर २०च. भिंत उघडल्यावर सडलेला पाइप किंवा फुगलेलं लाकूड निघणं अगदी नेहमीचं आहे.

पैसे कुठे घालायचे असं विचाराल तर मी म्हणेन: वॉटरप्रूफिंग, पाइप, वायरिंग, भिंतीतली नळाची बॉडी, बिजागऱ्या आणि ड्रॉवरचे चॅनेल. टाइल आणि शटर मध्यम दर्जाचे घेतले तरी चालतात. हँडल तर कधीही बदलता येतात.

थ्रीडी चित्र फार सुंदर आलं आहे. त्यावर होकार देऊ का?

नको. चित्रात भिंतीआडून रुंद भिंगाने बघितलेलं असतं, म्हणून छोटी खोलीही ऐसपैस दिसते. गवंडी चित्र बघून काम करत नाही. त्याला मापं लिहिलेला प्लॅन लागतो, प्रत्येक भिंतीचं समोरून दिसणारं ड्रॉइंग लागतं, पाण्याच्या आणि विजेच्या प्रत्येक पॉइंटची जमिनीपासूनची उंची लागते, आणि बाथरूममध्ये टाइल कुठून सुरू होऊन कुठे कापली जाणार तेही.

होकार देण्याआधी एक करा. रंगाऱ्याची चिकटपट्टी घेऊन नव्या ओट्याची, कपाटांची, कमोडची रेघ जमिनीवर खऱ्या मापात मारा आणि त्यात दोन दिवस वावरा. कमोडच्या मध्यापासून बाजूच्या भिंतीपर्यंत ३८ सेंटिमीटर हे किमान माप समजलं जातं, पण ४५ असेल तर माणूस मोकळा बसतो. हा ७ सेंटिमीटरचा फरक कागदावर जाणवत नाही, चिकटपट्टीत लगेच जाणवतो.

बाथरूमच्या टाइलखाली एवढं काय करायचं असतं?

सगळ्यांत जास्त वाद मी याच ठिकाणी घालते, कारण इथली चूक शेजाऱ्याच्या छतावर उमटते.

टाइल आणि ग्राउट (टाइलच्या सांध्यांत भरतात ते मिश्रण) पाणी अडवत नाहीत. सांध्यांतून पाणी हळूहळू झिरपतंच. पाणी अडवतो तो त्याखालचा वॉटरप्रूफिंगचा थर. म्हणून क्रम बदलता येत नाही: आधी पाइप टाकून दाबाखाली पाणी भरून तपासायचे, मग नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या सांडपाण्याच्या तोंडाकडे, उतार काढायचा, मग कोपरे गोलसर भरून किंवा पट्टी लावून घ्यायचे, आणि मग थर. शॉवरच्या भिंतीवर तो निदान १.८ मीटरपर्यंत, बाकी भिंतींवर जमिनीपासून निदान १५ सेंटिमीटर चढवायचा. उतार मीटरमागे सुमारे २ सेंटिमीटर. आणि उतार थराच्या खाली हवा, नुसता टाइलला देऊन भागत नाही. नाहीतर झिरपलेलं पाणी खालीच साचून राहतं आणि काही महिन्यांत वास येऊ लागतो.

थर सुकला की नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून ५ सेंटिमीटर पाणी भरा. पाण्याच्या कडेला भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा, शेजारी वेळ लिहा, दाराला कुलूप लावा. २४ तासांनी बघा. एखाद-दोन मिलिमीटर हवेत उडून जातं. एका कामावर सकाळी दार उघडलं तर पाणी रेघेच्या दोन बोटं खाली. दोष पाइपच्या कडेला सुटलेल्या जागेत निघाला, अर्ध्या दिवसात भरून झाला, दुसऱ्या दिवशी रेघ जागेवर होती. टाइल बसल्यावर तीच गळती सापडली असती तर सगळी फरशी उपटावी लागली असती. ‘आम्ही नेहमी करतो, कधी गळत नाही’ असं कुणी म्हणालं तरी ही चाचणी सोडू नका.

फरशीची टाइल घेताना पाणी शोषण्याचं प्रमाण बघा. ०.५ टक्क्यापेक्षा कमी असेल तर ती पोर्सेलिन. घसरण्याबद्दलचा ‘आर’ आकडा ९ ते १३ असतो, बाथरूमला निदान आर १० घ्या. शॉवरखाली लहान टाइल बऱ्या. उतारावर नीट बसतात आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकड मिळते.

कमोड दुसऱ्या भिंतीला नेता येईल का?

अंतरावर आहे. सांडपाण्याच्या जाड पाइपला मीटरमागे साधारण १ ते २ सेंटिमीटर उतार लागतो आणि पाइपचा स्वतःचा व्यास साधारण १० सेंटिमीटर. मुख्य पाइपपासून जितकं लांब जाल तितकी फरशी उचलावी लागते. बेसिन आणि शॉवर हलवणं त्या मानाने सोपं. खालच्या मजल्याचं छत कुणाचं आहे आणि इमारतीची परवानगी लागते का, हे आराखड्याआधीच विचारून घ्या.

ओट्यासाठी ग्रॅनाइट, क्वार्ट्झ की संगमरवर?

ग्रॅनाइट उष्णता सोसतो, पण थोडा सच्छिद्र असतो. त्यावर सीलर लावून घ्या आणि अधूनमधून पुन्हा लावा. क्वार्ट्झ म्हणजे दगडाचा चुरा रेझिनमध्ये बांधून केलेला कृत्रिम दगड. डाग धरत नाही, पण गरम भांडं थेट ठेवलं तर कायमचा व्रण पडू शकतो. संगमरवरावर लिंबाचा रस सांडला की चकाकी जाते, कारण आम्ल त्याला खातं. ज्यांना असे व्रण चालतात त्यांनीच तो घ्यावा.

क्वार्ट्झबद्दल आणखी एक. तो कोरडा कापताना उडणाऱ्या बारीक सिलिकाच्या धुळीने कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा बरा न होणारा आजार होतो. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने १ जुलै २०२४ पासून या दगडावर बंदी घातली. तुम्ही घेणार असाल तर कापणी कारखान्यात, पाणी सोडून व्हावी असा आग्रह धरा. घरात सिंकचं भोक पाडायला कुणी कोरडी चकती चालवू लागलं तर थांबवा. तो श्वास त्या माणसाचा आहे.

दिवे आणि प्लग कुठे हवेत?

छताच्या मधोमध एकच दिवा असला की ओट्याशी उभं राहताच तुमचीच सावली पाटीवर पडते. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला लावलेली एलईडी पट्टी हा त्यावर सगळ्यांत स्वस्त उपाय. आरशाचा दिवा वरून नको, चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंनी हवा.

ओल्या जागेतल्या सगळ्या सर्किटवर विजेची गळती ३० मिलिअँपियर झाली की पुरवठा तोडणारं संरक्षण असलंच पाहिजे. शॉवरपासूनची अंतरं वीज नियमांप्रमाणे ठेवायची, आणि तिथे परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा शब्द शेवटचा, डिझायनरचा नाही.

काम किती दिवस चालेल?

तोडफोडीची तारीख कॅबिनेट आणि फिटिंग हातात येण्याच्या तारखेवरून ठरवा. माल यायच्या आधी ओटा फोडून बसणं ही सगळ्यांत जास्त मनस्ताप देणारी चूक आहे. खालची कपाटं बसल्यावरच ओट्याच्या दगडाचं अंतिम माप घेतात, त्यामुळे मध्ये काही दिवस सिंक नसतंच. बाथरूममध्ये प्रत्येक थर सुकायला वेळ मागतो आणि तो घाई करून वाचत नाही. घरात एकच बाथरूम असेल तर राहण्याची सोय आधी करा.

टाइल १० टक्के जास्त आणि एकाच बॅचची घ्या. खोक्यावरचा नंबर जुळवा. दुसऱ्या बॅचचा रंग भिंतीवर लगेच उठून दिसतो.

मधेच बदल सुचला तर?

बोला, पण गवंड्याशी परस्पर नको. डिझायनरने बदल, वाढणारा खर्च आणि वाढणारे दिवस लिहून द्यावेत, तुम्ही सही करावी, मग हात लागावा.

डिझाइन आवडलं नाही, पण सांगायला संकोच वाटतो.

कृपया सांगा. ‘आवडलं नाही’ एवढंच म्हणालात तरी मला पुढे जाता येतं. ‘ही उंच कपाटं अंगावर आल्यासारखी वाटतात’ असं म्हणालात तर नेमकं काय बदलायचं ते कळतं. गप्प राहिलेल्या माणसाच्या घरात पुढची वीस वर्षं ते कपाट उभं राहतं.

आम्ही अजून तरुण आहोत. आधाराच्या दांड्यांचा विचार आत्ताच का?

दांडी आत्ता लावू नका. तिला धरून ठेवणारा भक्कम आधार मात्र टाइलच्या आधी भिंतीत घाला. पोकळ किंवा बोर्डाच्या भिंतीत नंतर स्क्रू पकडत नाही. दांडी जमिनीपासून ८५ ते ९० सेंटिमीटरवर येते, त्या पट्ट्यात आधार ठेवा. दार ८० सेंटिमीटर मोकळं उघडेल आणि शॉवरला उंबरठा नसेल तर लहान मूल, मोडलेला पाय आणि म्हातारे आईवडील, सगळ्यांचीच सोय होते.

काम ताब्यात घेताना काय बघायचं?

दिवसाउजेडी या, घाईत नको. सगळे नळ एकदम सोडून सिंकखाली कोरडा कागद पसरा, थेंब पडला तर त्यावर लगेच दिसतो. प्रत्येक ड्रॉवर शेवटपर्यंत ओढा. चिमणी लावून शेगडी पेटवा. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते पाहा. उणिवांची यादी करून तारखेसह दोघांच्या सह्या घ्या आणि शेवटचा हप्ता त्या यादीशी जोडा.

आणि भिंती बंद होण्याआधी काढलेले फोटो मागून घ्या. प्रत्येक भिंतीचा एक फोटो, मोजपट्टी लावलेला, पाइप आणि वायर स्पष्ट दिसणारा. काही वर्षांनी आरसा टांगायला ड्रिल हातात घ्याल, तेव्हा आधी तो फोटो उघडा.